गोड विहीर आणि निकेलची जाळी

मार्च लागला की वसईच्या रिक्षांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत काळ्या बोटांची मुले दिसू लागतात. बारावीची प्रॅक्टिकल चालू असतात. सिल्व्हर नायट्रेट बोटाला लागले तर त्या वेळी कळत नाही. उन्हात गेल्यावर डाग उमटतो, आधी तपकिरी, मग काळा. साबणाने तो जात नाही. कातडी झडेपर्यंत राहतो. परवा शेअर रिक्षात शेजारी बसलेली एक मुलगी आपले बोट ओढणीच्या टोकाने घासत होती. तिची मैत्रीण म्हणाली, "घासू नको गं, निघत नाही ते. माझं बघ, गेल्या आठवड्याचंय." दोघींनी बोटे शेजारी धरून कुणाचे जास्त काळे ते पाहिले.

त्याच सकाळी वर्तमानपत्रात पाण्यापासून हायड्रोजन काढण्याविषयी अर्धे पान आले होते. प्लॅटिनमऐवजी निकेल वापरून पाणी स्वस्तात फोडता येईल, असा मजकूर होता. मी निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, पण छापील मजकूर दिसला की मनातल्या मनात हात चालतो. मथळ्यात 'नवे' हा शब्द होता. मी तो काढला असता. हे काम मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला उमेळ्याच्या एका वाडीत, बैलांच्या रिकाम्या गोठ्यात चाललेले पाहिले आहे.

मी तेव्हा मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. गाव सोलापूरकडचे. मुंबईत जागा परवडेना, म्हणून वसईपर्यंत आलो आणि उमेळ्याला एका ख्रिस्ती बागायतदाराच्या वाडीत खोली घेतली. पाळी रात्रीची असल्यामुळे सबंध दिवस मोकळा असे आणि त्या दिवसाचे काय करावे हे माहीत नव्हते. आजूबाजूचे लोक घरात आपली बोली बोलत, माझ्याशी शाळेतले मराठी. बोली चालू असताना मी आलो की वाक्य मध्येच बदलायचे. कुणाचा त्यात वाईट हेतू नव्हता. पण आपल्यामुळे वाक्य बदलते आहे, हे दिवसातून अनेकदा ऐकावे लागे.

वाडीत केळी, नारळ, मोगऱ्याचे वाफे आणि मधोमध विहीर. रहाट काढून टाकला होता. त्याचे लोखंडी चाक कुंपणाला टेकवून ठेवले होते आणि त्यावर कारल्याचा वेल चढला होता. विहिरीवर आता विजेचा पंप होता. घरात तिघांचा शब्द चाले. आई, जिला वाडीत सगळे आय म्हणत. मोठा मुलगा जोसेफ, जो वाडी बघायचा. आणि धाकटा इनास, जो जवळच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. इनास सर चाळिशीचे होते. लग्न केले नव्हते. तरुणपणी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत होते. वडिलांना पक्षाघात झाला तेव्हा ते सोडून घरी आले, आणि वडील गेल्यावर परत जायचे राहून गेले.

त्या विहिरीला गोडी विहीर म्हणत. समुद्र आणि मिठागरे इतक्या जवळ असून तिच्या पाण्याला मिठाचा स्पर्श नव्हता. डाळ त्यात लवकर शिजे. आय आलेल्या माणसाला आधी पाणी देत आणि मग कोण, कुठला ते विचारत. चांदीपहून विटा घेऊन येणारा एक ट्रकवाला तर बॅटरीत घालायला तेच पाणी नेई. फाटकातूनच ओरडायचा, "मास्तर, पानी नेतो हां बॅटरीला!"

"ने," सर म्हणायचे. "पण त्या तेलकट डब्याने काढू नको. आम्हाला प्यायचं असतं."

कॉलेजात शिकत असताना इनास सरांनी त्या पाण्याची एकदा परीक्षा केली होती. पेल्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पाण्यात मीठ, म्हणजे क्लोराइड, असेल तर दुधासारखे पांढरे येते. ऐन श्रावणातले पाणी, विहीर काठापर्यंत भरलेली. पेला जसाच्या तसा स्वच्छ राहिला. ही हकीकत आय मला दर काही दिवसांनी सांगत. मुलगा रसायनशास्त्रात पहिला आला यापेक्षा विहीर त्याच्या परीक्षेत पास झाली, याचे त्यांना कौतुक जास्त.

गोठ्यात सरांनी काचेची बरणी मांडली होती. बरणीत कॉस्टिक पोटॅशचे दाट द्रावण, त्यात समोरासमोर टांगलेल्या निकेलच्या दोन जाळ्या, आणि बॅटरी चार्ज करायच्या यंत्रातून येणाऱ्या दोन तारा. वीज चालू केली की दोन्ही जाळ्यांवरून बुडबुडे उठत. एकीवरून हायड्रोजन, दुसरीवरून ऑक्सिजन. आवाज अगदी बारीक, दूरवर काहीतरी तळत असल्यासारखा. दुपारी झोप येईना की मी तिथे जाऊन बसे.

"पाणी फोडायला किती वीज लागावी, याचा हिशेब ठरलेला आहे," सर म्हणाले होते. "पण प्रत्यक्षात जास्त लागते. धातू जेवढा आळशी तेवढी जास्त. प्लॅटिनम आळशी नाही, पण त्याची जाळी करायची तर वाडी विकावी लागेल."

बाहेर केळीची पाने कापत असलेला जोसेफ तिथूनच म्हणाला, "वाडीकडं बघायचं नाय."

"म्हणून निकेल," सर म्हणाले.

निकेलचा आळस काढायची त्यांची पद्धत अशी होती. जाळीवर निकेल आणि जस्त यांचा मिळून मुलामा चढवायचा. मग ती कॉस्टिकमध्ये बुडवून जस्त विरघळवून टाकायचे. जस्त गेले की त्याच्या जागा रिकाम्या राहतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या, आणि निकेल स्पंजासारखे होते. पाणी फुटायला तेवढा जास्त पृष्ठभाग मिळतो. अशी जाळी ते मला दाखवायचे ती पाण्याखाली धरूनच. कोरडी केली तर हवेत तापून पेट घेते, म्हणायचे.

तेलाचे भाव भडकल्यापासून मुंबईच्या त्या संशोधन संस्थेत हायड्रोजनवर काम सुरू झाले होते. सरांचे जुने मार्गदर्शक तिथे होते आणि लवकरच निवृत्त होणार होते. त्यांनी निरोप दिला होता: इस्टरनंतरच्या सोमवारी जाळी घेऊन या. पंधरवडाभर अखंड चालली आणि व्होल्टेज चढले नाही, एवढे दाखवा. जागा आहे. पुढच्या वर्षी तुमचे वय आड येईल आणि मीही नसेन.

"तुम्हाला जायचंच आहे?" मी विचारले होते.

"इथे हे सगळं मी बोलतो कुणाशी?" सर म्हणाले. "तुमच्याशी. आणि तुम्हाला झोप आलेली असते."

हे सगळे इस्टरआधीच्या उपवासकाळातले. राखेच्या बुधवारी सरांच्या कपाळावर राख होती आणि बोटांवर प्रॅक्टिकलचे काळे डाग. शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट ही प्रार्थना असे. सगळे घर तिकडे जाई. वाडीत मी आणि बरणी. मोगरा संध्याकाळी तोडायचा नसतो, त्याच्या कळ्या पहाटे तोडतात, म्हणून उघडू पाहणाऱ्या कळ्यांचा वास नुसता पडून राही. त्या दिवसांत मी बुडबुड्यांचा आवाज इतका ऐकला की तो बदलला की कळे. पंप सुरू झाला की गोठ्यातला दिवा मंद होई आणि बुडबुडे विरळ होत. दोघा भावांची वीज एकाच तारेवरून येत होती. एक पाणी वर खेचत होता, दुसरा ते फोडत होता.

जाळी टिकत नव्हती. नवी जाळी लावली की पहिले चार दिवस उत्तम चाले. व्होल्टमीटरचा काटा दोनच्या आत स्थिर. मग काटा हळूहळू चढू लागे. जाळी बाहेर काढावी तर एकीवर पांढरा थर बसलेला, दुसरीला बारीक खड्डे. सर जस्ताचे प्रमाण बदलत. मुलाम्याचा वेळ बदलत. तार बदलून पाहिली, चार्जर बदलून पाहिला. पुन्हा चार दिवस, पुन्हा काटा वर. पाणी फुटून कमी होई तशी बरणीत भर घालावी लागे. ती सर विहिरीच्या पाण्याची घालत. कॉलेजातले डिस्टिल्ड वॉटर मुलांसाठी असे, आणि मुलांचे पाणी घरी आणणे त्यांना पटत नव्हते. शिवाय त्यांना त्यात काही गैर दिसत नव्हते. उमेळ्यात कुणालाच दिसले नसते.

एकदा तो चांदीपचा ट्रकवाला फाटकाशी थांबला, पण डबा घेऊन आत आला नाही.

"मास्तर, तुमच्या पान्यानं बॅटरी बसली माझी."

"जुनी असेल."

"दिवाळीला घेतलीय!"

"मग तुझं ड्रायव्हिंग जुनं असेल," जोसेफ म्हणाला, आणि सगळे हसले. ट्रकवालाही हसला. पण पाणी न घेताच गेला.

मग प्रॅक्टिकल परीक्षेचा दिवस आला. त्या दिवशी काय झाले ते सरांनी मला संध्याकाळी विहिरीच्या काठावर बसून सांगितले. सुरुवातीला ते हसत सांगत होते. कॉलेजातल्या डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राची कॉइल आदल्या दिवशी जळाली होती. मुंबईहून परीक्षक आलेले. प्रत्येक मुलाला एकेक पांढरी पूड दिलेली, ती पाण्यात विरघळवून तिच्यात काय आहे ते ओळखायचे. थोड्या वेळाने परीक्षकांनी सरांना बाजूला घेतले. "तुमच्याकडे सगळ्यांना क्लोराइडच कसं सापडतंय? नायट्रेट दिलंय त्यालाही क्लोराइड, सल्फेट दिलंय त्यालाही क्लोराइड." एक मुलगी रडवेली होऊन सांगत होती, "सर, मी तिसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदाही पांढरंच आलं." शेवटी मागच्या टेबलावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, पूड न घालता नुसत्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं तरी पांढरं येतंय."

सरांनी प्रयोगशाळेच्या शिपायाला विचारले, पाणी कुठले आणले.

"तुमच्याच विहिरीचं, सर," शिपाई म्हणाला. "गोड्या विहिरीचं. दुसरं कुठलं आणणार?"

परीक्षक मोठ्याने हसले. वसईत मिठागरं विहिरीतच असतात वाटतं, असे काहीतरी म्हणाले. मुलेही हसली. दुसऱ्या दिवशी चांगले पाणी मागवून परीक्षा पुन्हा घ्यायचे ठरले.

इथपर्यंत सांगून सरांनी काठावरून आत वाकून पाहिले. खाली विहिरीत पंपाचा पाइप होता आणि पाणी उन्हाळ्याच्या मानानेही बरेच खाली गेले होते.

"जाळी चांगली आहे," ते म्हणाले. "पहिल्यापासून चांगली होती."

मग म्हणाले, "विहीर गेली."

बरणीत पाणी फुटते, त्याचा वायू होऊन उडून जातो. पाण्यातले मीठ मात्र उडत नाही, मागे राहते. वर पुन्हा तेच पाणी ओतले की आणखी मीठ, आणि ते मीठ निकेलला खाते. जे विहिरीत व्हायला वर्षे लागत होती, ते बरणीत चार दिवसांत होत होते. गावातले पंप गोडे पाणी भराभर उपसत होते आणि जमिनीखालून खाडीचे पाणी त्याच्या जागी सरकत होते. आजूबाजूची बावखले, म्हणजे पावसाचे पाणी धरून विहिरींना पुरवणारी वाडीवाडीतली तळी, लोक माती टाकून बुजवत होते. तिथे प्लॉट पडत होते.

"पण मला तर पाणी गोड लागतं," मी म्हणालो.

"मलाही लागतं. रोज पिणाऱ्याला कळत नाही. मीठ थोडंथोडं वाढतं, जीभ त्याच्याबरोबर जाते."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वसईतून डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या विकत आणल्या आणि नवी जाळी लावली. काटा दोनच्या आत राहिला. पाचव्या दिवशी राहिला, आठव्या दिवशी राहिला. चांगली जाळी ही पाहायला कंटाळवाणी गोष्ट असते. काहीच बदलत नाही. सरांना गोठ्यात काम उरले नाही, आणि मग ते तपकिरी बाटली आणि ड्रॉपर घेऊन बाहेर पडू लागले.

आधी ते भावाशी बोलले. मी ओटीवर होतो.

"दादा, पाणी खारं होतंय. पंप कमी चालव."

"कोण बोलतं?"

"मी तपासलं."

"माझी केळी नाय बोलत तसं."

"बोलतील. उशिरा बोलतील."

"तेव्हा ऐकू. तुझ्या बाटलीला घड लागत नाय, इनास. मला केळी विकायची असतात." मग जोसेफने आवाज खाली केला. "आणि आयला सांगू नको."

"नाही सांगत," सर म्हणाले. या एका गोष्टीवर दोघांचे एकमत होते.

सर उमेळ्यातल्या घराघरांत गेले, पुढे आगाशीपर्यंत गेले. एकदा मीही बरोबर होतो. आगाशीच्या बाजारामागे एका पानवेलवाल्या बागायतदाराचे घर होते. सरांचा विद्यार्थी त्या घरातला, म्हणून स्वागत चांगले झाले. बसायला खुर्च्या आल्या. घरच्या वहिनींनी तांब्याभांडे आणून ठेवले. सरांनी भांडे उचलले, बाटली काढली आणि थेंब टाकले. पाणी पांढुरके झाले.

वहिनी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिले, एकदा नवऱ्याकडे.

"सर," बागायतदार म्हणाला, "ते प्यायला दिलं होतं."

"हो, पण बघा ना, तुमच्या विहिरीत—"

"प्यायला दिलं होतं, सर. तपासायला नाही."

वहिनींनी पुढे होऊन भांडे उचलून नेले. मग चहा आला, कारण तशी रीत आहे. आम्ही चहा प्यालो. चहात कोणते पाणी आहे यावर कुणी बोलले नाही. बस येईपर्यंत सर रस्त्याच्या कडेला उभे होते. बस दिसल्यावर म्हणाले, "आधी प्यायला हवं होतं. मग तपासायचं." पण मला वाटते, त्याने काही फरक पडला नसता. वसईत माणूस वाडीचा नसतो, विहिरीचा असतो. तिचे पाणी वाईट म्हणणे म्हणजे घराला वाईट म्हणणे. सरांना हे माझ्याहून चांगले माहीत होते. त्यांच्या स्वतःच्या घरात ते कुठे बोलू शकत होते?

बातमी त्यांच्यापुढे धावू लागली. ते फाटकाशी दिसले की माणसे ओटीवरून आत जात. इस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर कुणीतरी मोठ्याने म्हणाले, "सर, आत पवित्र पाणी ठेवलंय. तेवढं तपासायचं राहिलं." लोक हसले. सर हातातली झावळी सरळ करत उभे राहिले. त्यांच्या आजूबाजूला, गर्दीत, दोन हातांची जागा मोकळी होती.

मी त्या वेळी वर्तमानपत्रात होतो. पाण्याविषयी आमच्या पानावर काही येईल का, असे त्यांनी मला विचारले. मी वरिष्ठांना विचारले. विहिरी कोरड्या पडल्या तर सांगा, असे उत्तर आले. मी ते सरांना जसेच्या तसे सांगितले. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "बरोबर आहे. अजून पाणी आहेच."

इस्टरनंतरच्या सोमवारी ते निघाले. पंधरवडा पूर्ण झाला होता आणि काटा हलला नव्हता. जाळी कोरडी नेता येत नाही, म्हणून रुंद तोंडाच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर भरून त्यात ती बुडवली होती. आयने दुसरी बाटली आणून दिली. विहिरीचे पाणी. "तिकडे नळाचं पीत बसू नको. पोट बिघडतं."

"आय, एका दिवसाचं काम आहे."

"एका दिवसाची तहान नसते काय?"

सरांनी दोन्ही बाटल्या पिशवीत शेजारी शेजारी ठेवल्या. एक जाळीसाठी, एक स्वतःसाठी. फाटकापर्यंत आय गेल्या. जोसेफ पंपाशी होता. त्याने तिथूनच हात केला आणि ओरडला, "इनास, वाडी विकू नको तिकडं!" सरही हसले.

काम झाले, जागा मिळाली. महिन्याभरात ते मुंबईला राहायला गेले. गोठ्याला कुलूप लागले. पुढची काही वर्षे त्यांनी तेच काम केले. मग तेल पुन्हा स्वस्त झाले, संस्थेतल्या त्या गटाला दुसरे काम मिळाले, आणि निकेलच्या जाळ्या कुठल्यातरी कपाटात गेल्या. सर आता नाहीत. वाडीच्या जागी चार मजल्यांच्या इमारती आहेत. विहिरीवर स्लॅब टाकला आहे आणि त्यावर स्कूटर उभ्या असतात. पाणी टँकरने येते. रिक्षातल्या या काळ्या बोटांच्या मुलांना क्लोराइडची परीक्षा अजून शिकवतात, आणि थेंब टाकायचे पाणी बाटलीत विकत मिळते.

त्या उन्हाळ्यात मात्र वाडी होती आणि मी होतो. दुपारी पंप सुरू झाला की मी सवयीने गोठ्याकडे कान देई. तिथून काही ऐकू येत नसे. आय ओटीवर बसून कुणाची तरी वाट पाहत, आणि वाटेवर मीच असल्यामुळे पाणी मला देत. बोलीत काहीतरी विचारत, मग आठवून तेच शाळेच्या मराठीत विचारत. मी उत्तर देई. असे पावसाळाभर चालले.

नाताळच्या आदल्या दिवशी सर आले. कपडे नवे होते आणि बोटे स्वच्छ होती, एकही डाग नव्हता. दारात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मांडायला जोसेफची मुले माती कालवत होती. आय तांब्या घेऊन पुढे आल्या. सरांनी पेला घेतला, पहिला घोट तोंडात घेतला, आणि थांबले.

त्यांच्या खिशात ती तपकिरी बाटली नव्हती. त्यांना तिची गरजही नव्हती. आठ महिने ते मुंबईच्या नळाचे पाणी पीत होते. जोसेफ हातातले काम थांबवून त्यांच्याकडे पाहत होता. मीही पाहत होतो.

"काय रे?" आयने विचारले.

सरांनी घोट गिळला. मग पेला संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

"काही नाही," ते म्हणाले. "आणखी दे."

आयने पुन्हा पेला भरला. सर तोही प्याले, सावकाश, उभ्या उभ्या. जोसेफने मान वळवली आणि तो मातीकडे गेला. तांब्यात थोडे पाणी उरले होते. आय माझ्याकडे वळल्या आणि ते त्यांनी मला दिले.

मी प्यालो. मला ते गोड लागले.